‘शिवीगाळ’, ‘अब्रुनुकसानी’ आणि ‘विनयभंग’: इंग्रजी दंडविधानाच्या मराठी शब्दांची पार्श्वभूमी

किरकोळ भांडणाच्या फिर्यादीत ‘लाथाबुक्क्यांनी मारहाण केली, शिवीगाळ केली व जीवे मारण्याची धमकी दिली’ हे वाक्य जवळजवळ ठरल्यासारखे येते. ते फिर्यादीच्या तोंडचे वाटले, तरी त्याचा सांगाडा कायद्याने घालून दिलेला आहे: मारहाण म्हणजे २०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेचे कलम ३२३, शिवीगाळ म्हणजे ५०४ आणि धमकी म्हणजे ५०६. यातील मधल्या शब्दाकडे विशेष लक्ष द्यायला हवे. कलम ५०४ मध्ये शिवीचा उल्लेखच नव्हता. तेथे हेतुपुरस्सर केलेला अपमान होता, आणि त्या अपमानाने चिथावून समोरचा माणूस शांततेचा भंग करील हा उद्देश किंवा ही जाणीव होती. एकही शिवी न देता, अगदी सभ्य शब्दांत एखाद्याचा जाहीर पाणउतारा करता येतो. पण पोलीस ठाण्यातल्या मराठीत ‘इन्सल्ट’चे रूप शिवीगाळ असे एकदा पक्के झाले, की असा अपमान कागदावर उतरणे अवघड होते.

गुन्ह्यांची मराठी शब्दसंपत्ती इंग्रजी कायदा येण्याच्या पूर्वीपासूनच मिश्र होती. गुन्हा, फिर्याद, जामीन, कैद, फौजदारी हे शब्द फारसी-अरबी वाटेने आले आणि घरचे झाले. ‘खून’ या शब्दाचा मूळ फारसी अर्थ रक्त असा असला, तरी मराठीत तो हत्येचा वाचक ठरला. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा मोठा प्रयत्न केला, परंतु न्यायनिवाड्याच्या रोजच्या बोलीत जुने शब्दच टिकून राहिले. पुढे मुंबई इलाख्याला १८२७ ची नियमावली मिळाली आणि १८६० मध्ये मंजूर झालेली दंड संहिता १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. त्या संहितेच्या इंग्रजीतही काही शब्द येथलेच होते. पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या जबरी चोरीला तिने ‘डकॉइटी’ म्हटले, तो शब्द ‘डकैती’चाच इंग्रजी अवतार होता, त्यामुळे मराठीत ‘दरोडा’ लिहिताना भाषांतराचे फारसे कष्ट पडले नाहीत.

खरे काम राज्यस्थापनेनंतर, म्हणजे १९६० नंतर सुरू झाले. १९६४ च्या राजभाषा कायद्याने मराठी ही राज्यकारभाराची भाषा ठरली, १९७३ च्या केंद्रीय कायद्याने मध्यवर्ती अधिनियमांच्या प्रादेशिक भाषांतील अनुवादांना अधिकृत पाठाचा दर्जा मिळण्याची वाट मोकळी झाली, आणि १९९८ मध्ये जिल्हा व दुय्यम न्यायालयांच्या कामकाजासाठी मराठीची अधिसूचना निघाली. या काळात घडलेल्या परिभाषेवर ती संस्कृतप्रचुर व अवघड असल्याचा आरोप सरसकट केला जातो. तो अर्धाच खरा आहे. ‘सदोष मनुष्यवध’ हा शब्द पूर्ण संस्कृत आहे हे खरे, पण ‘जबर दुखापत’ आणि ‘दखलपात्र गुन्हा’ हे शब्द कोणत्याही गावात समजतात, आणि ‘फौजदारीपात्र न्यासभंग’ या शब्दात तर फारसी वाटेचा फौजदार आणि संस्कृत न्यास शेजारीशेजारी बसले आहेत. ‘सदोष मनुष्यवध’ हा शब्दही एका गरजेतून आला: प्रत्येक खून हा सदोष मनुष्यवध असतो, पण प्रत्येक सदोष मनुष्यवध हा खून नसतो, हा संहितेतील बारीक भेद दाखवणारा शब्द बोलीत नव्हता.

अपमानाच्या शब्दांत मात्र गुंता वाढला. संहितेच्या ४९९ व्या कलमाने इंग्लंडच्या कायद्यातील लेखी आणि तोंडी बदनामी हा भेद सोडून दिला होता, त्यामुळे दोहोंसाठी एकच शब्द पुरेसा होता. तो ‘अब्रुनुकसानी’ झाला. आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचे पाणी उतरणे ही कल्पना ‘पाणउतारा’ या शब्दाच्या इतकी जवळ आहे की मराठी कानाला हा शब्द कधी परका वाटला नाही. हिंदीने ‘मानहानि’ घेतले. मराठीत मात्र ‘मान’ या शब्दाभोवतीचे शब्द आधीच कामाला लागलेले होते: व्यक्तीचा अपमान, न्यायालयाचा अवमान, पूर्वीच्या भाषेत कोर्टाची बेअदबी. १९८९ च्या अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याने यात आणखी एक पेच घातला. त्याच्या कलमात ‘इन्सल्ट’ हे कृत्य आहे आणि ‘ह्युमिलिएट’ करणे हा त्यामागचा उद्देश आहे; मराठीत दोन्ही ठिकाणी ‘अपमान’ लिहिले, की अपमान करण्याच्या उद्देशाने अपमान केला असे वाक्य तयार होते आणि उद्देश वेगळा सिद्ध करायचा असतो ही गोष्टच झाकली जाते. ‘मानखंडना’ हा नेमका शब्द हाताशी असताना तो वापरात आला नाही, याची खंत वाटते.

या सर्वांत सर्वाधिक दूरगामी ठरलेला शब्द ‘विनयभंग’ हा आहे. संहितेच्या कलम ३५४ मध्ये स्त्रीच्या ‘मॉडेस्टी’वर, म्हणजे ढोबळमानाने शालीनतेवर, आघात करण्याच्या उद्देशाने केलेला हल्ला किंवा बळाचा वापर हा गुन्हा होता. हिंदी पाठाने ‘लज्जा भंग’ असा शब्द योजला, मराठीने ‘विनय’ निवडला. लज्जेपेक्षा विनय बरा, असे म्हणता येईल, कारण लाज भंगली म्हटले की दोष पीडितेकडेच सरकतो. परंतु ‘विद्या विनयेन शोभते’ असे म्हणणाऱ्या भाषेत विनय म्हणजे नम्रता. तो शिष्याचा, धाकट्याचा, खालच्या पायरीवर उभ्या असलेल्याचा गुण. जिच्या अंगावर हात टाकला गेला तिचा नम्रपणा मोडला, असा त्या शब्दाचा अक्षरार्थ होतो. शिवाय व्रतभंग, शपथभंग, नियमभंग यांत जे भंगते ते पाळायचे असते. त्याच साच्यात विनयभंग बसला, आणि विनय पाळण्याची जबाबदारी नकळत स्त्रीवर गेली.

हा केवळ शब्दच्छल नाही, हे १९६६ च्या एका प्रकरणातून स्पष्ट होते. साडेसात महिन्यांच्या मुलीवरील अत्याचारात खालच्या न्यायालयांनी कलम ३५४ लावले नव्हते. इतक्या लहान बाळाला ‘मॉडेस्टी’ची जाणीव असू शकत नाही, असा विचार त्यामागे होता. सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने तो निर्णय फिरवला, आणि स्त्रीच्या ‘मॉडेस्टी’चे सार तिचे स्त्री असणे हेच आहे, ही भूमिका तेथे मांडली गेली. इंग्रजी शब्दाचा अर्थ असा ताणून विस्तारला गेला. मराठी शब्द मात्र तो विस्तार पेलत नाही. साडेसात महिन्यांच्या बाळाचा विनय, हे शब्द शेजारीशेजारी लिहून पाहिले की भाषांतर कोठे अपुरे पडले ते वेगळे सांगावे लागत नाही.

२०१३ च्या दुरुस्तीने कलम ३५४ ची शिक्षा किमान एक वर्षापासून पाच वर्षांपर्यंत नेली आणि त्याला जोडून नवी कलमे आणली. त्यांच्यासाठी रुळलेले ‘लैंगिक छळ’ आणि ‘पाठलाग’ हे शब्द वेगळ्या घडणीचे आहेत: छळणारा आणि पाठलाग करणारा कोण, हे त्या शब्दांतच येते, आणि स्त्रीच्या कोणत्या गुणाला धक्का लागला याची चर्चा करण्याची गरज उरत नाही.

जुन्या संहितेत कलम ३५४ शरीराविरुद्धच्या गुन्ह्यांत होते, तर शब्द किंवा हावभावांनी ‘मॉडेस्टी’चा अपमान करण्याचे कलम ५०९ धाकदपटशा, अपमान व त्रास यांच्या प्रकरणात होते. २०२४ मध्ये लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने ही दोन्ही कलमे ७४ आणि ७९ या क्रमांकांनी स्त्री व बालकांविरुद्धच्या अपराधांच्या एकाच प्रकरणात आणली. प्रकरण बदलले, क्रमांक बदलले, संहितेच्या नावातील ‘दंड’ जाऊन ‘न्याय’ आला. इंग्रजी पाठात ‘मॉडेस्टी’ कायम राहिली, आणि मराठी बातमीच्या मथळ्यात ‘विनयभंग’ही.