944 टर्बोच्या टायमिंगला हात लावण्याआधी

पोर्शे 944 टर्बो 1985 मध्ये आली. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. आज ती हौशी लोकांच्या गॅरेजमध्ये पोचलेली जुनी गाडी आहे. तिचा कंट्रोल बॉक्स उघडायचा, चिप बदलायची, पेट्रोलचा दाब वाढवायचा, बूस्ट (टर्बोनं भरलेल्या हवेचा दाब) चढवायचं, हे आता घरबसल्या होतं. माझा त्याला विरोध नाही. पण या गाडीत ठिणगीची वेळ, म्हणजेच टायमिंग, आणि पेट्रोलचं प्रमाण एकमेकांना बांधलेलं आहे, आणि ते तसं बांधायला वीसेक वर्षांच्या चुका खर्ची पडल्या आहेत. त्या ठाऊक नसताना एकच आकडा बदलला, तर त्याची किंमत पिस्टनला मोजावी लागते.

सुरुवात घरच्या गोष्टीपासून करतो. आमच्या प्रीमियर पद्मिनीचं टायमिंग लावताना मेकॅनिक डिस्ट्रिब्यूटरचा, म्हणजे प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाचा, बोल्ट सैल करून तो भाग हातानं नखभर फिरवायचे आणि मग गाडी कात्रजच्या चढावर न्यायचे. टॉप गियर, अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला, खिडकी उघडी, कान बाहेर. डब्यात खडे हलावेत तशी बारीक टकटक ऐकू आली की ‘नॉकिंग करते आहे’ म्हणत टायमिंग जरासं मागे, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा. टकटक पुरती गेली आणि गाडी मंदावलीही, तर पुन्हा केसभर पुढे. टर्बो गाड्यांच्या इतिहासात इंजिनिअरांनी जे केलं ते मुळात हेच आहे. फरक एवढाच, की टर्बोच्या गाडीत टकटक कानावर पडेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

पिस्टन वर पोचायच्या आधीच ठिणगी पाडावी लागते, कारण मिश्रण पूर्ण जळायला वेळ लागतो. मिनिटाला 6000 फेऱ्या असतील तर क्रँक, म्हणजे पिस्टननी फिरवलेला मुख्य दांडा, एका मिलिसेकंदात 36 अंश फिरतो. ठिणगी फार आधी पडली तर पिस्टन वर येत असतानाच दाब भडकतो आणि कडेला उरलेलं मिश्रण ज्वाला पोचण्याआधी आपणहून पेट घेतं. हेच नॉकिंग. टर्बो त्यात दोन्ही बाजूंनी भर घालतो. हवा दाबून भरली की ती तापते: 30 अंशांची हवा वातावरणाच्या वर 0.8 बार दाबली की इंटरकूलरशिवाय (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीशिवाय) ती सहज 100 अंशांपुढे जाते. शिवाय दाट मिश्रण जास्त वेगानं जळतं, म्हणजे बूस्ट चढेल तसं टायमिंग मागे घ्यावं लागतं. आणि पेट्रोल? वजनाच्या हिशेबानं एक भाग पेट्रोलला 14.7 भाग हवा पुरते, पण टर्बो इंजिनाला पूर्ण बूस्टवर 12 किंवा त्याहून कमी भाग हवा देतात. जास्तीचं पेट्रोल जाळायला नसतं, त्याची वाफ होताना मिश्रण थंड व्हावं म्हणून असतं. नव्यानं ट्यूनिंगला लागलेल्यांना हे पटायला सगळ्यात जड जातं.

एक्झॉस्टवर चालणाऱ्या सुपरचार्जरचं, म्हणजे टर्बोचं, पेटंट स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 मध्ये घेतलं, पण विक्रीच्या पेट्रोल कारमध्ये टर्बो यायला 1962 उजाडलं. त्या वर्षी अमेरिकेत जनरल मोटर्सच्या दोन गाड्या आल्या आणि दोघींनी नॉकिंगवर दोन वेगळे उपाय काढले. ओल्डस्मोबाइल जेटफायरनं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो तो आकडा, 10.25 ठेवलं, टर्बोच्या गाडीला हे फारच होतं. मग बूस्टवर असताना इंजिनात ‘टर्बो-रॉकेट फ्लुइड’ नावाचं, म्हणजे पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण फवारलं जायचं. कल्पना खरोखर चांगली होती, आजही लोक ती वापरतात. पण त्या द्रवाची टाकी मालकानं भरत राहणं गरजेचं होतं. ती रिकामी झाली की बूस्ट तोडलं जाई आणि गाडी सुस्त होई. अनेकांनी कंटाळून टर्बोच काढून टाकला. दुसऱ्या गाडीनं, शेव्हरले कॉर्व्हेअर स्पायडरनं, कॉम्प्रेशन 8 वर आणलं आणि साधेपणानं काम भागवलं.

युरोपनं हाच दुसरा मार्ग धरला आणि टोकाला नेला. 1973 च्या बीएमडब्ल्यू 2002 टर्बोचं कॉम्प्रेशन 6.9 होतं, 1974 मध्ये पॅरिसला दाखवलेल्या पोर्शे 911 टर्बोचं 6.5. या आकड्यांची पुढच्या काळात थट्टा झाली, मला ती अन्यायाची वाटते. इंजिनात प्रत्यक्ष काय चाललंय ते कळायची सोय नसेल, तर सुरक्षित अंतर राखणं हाच शहाणपणा असतो. किंमत मात्र होती: बूस्ट येईपर्यंत इंजिन मरगळलेलं आणि मग एकदम मागून कुणी ढकलावं तशी उसळी.

त्या काळच्या टर्बो गाडीत टायमिंग कोण ठरवायचं? डिस्ट्रिब्यूटर. त्याची कॅप काढून रोटर बाजूला केला की खाली दोन छोटी वजनं आणि दोन स्प्रिंगा दिसतात. फेऱ्या वाढल्या की वजनं बाहेर फेकली जातात आणि टायमिंग पुढे सरकतं. बाजूला पत्र्याची चपटी डबी, आत पडदा. साध्या गाडीत तो व्हॅक्यूमवर टायमिंग पुढे ओढतो. काही टर्बो गाड्यांत हीच डबी उलट कामही करायची, बूस्टच्या दाबानं टायमिंग मागे घ्यायची. पेट्रोलचं खातं वेगळंच. 911 टर्बोत बॉशचं के-जेट्रॉनिक होतं, म्हणजे हवेच्या झोतानं उचलली जाणारी एक तबकडी आणि तिच्यामागे सरकणारा प्लंजर, सगळं यांत्रिक. (बॉश म्हटलं की आपल्याकडच्या जुन्या स्कूटरवाल्यांना मायकोचा प्लग आठवेल आणि नाशिककरांना मायको सर्कल. मायको हे बॉशच्याच भारतातल्या कंपनीचं तेव्हाचं नाव.) या दोन्ही यंत्रणा आपापल्या जागी भक्कम होत्या, पण एकीला दुसरीची खबर नव्हती. पेट्रोल कमी पडलं तरी ठिणगी ठरल्या वेळीच पडणार. स्प्रिंग जुनी होऊन सैल पडली तर टायमिंग वेळेआधीच पुढे जाणार, आणि पेट्रोलच्या बाजूला त्याचा पत्ता नाही. आज 1970 च्या दशकातली टर्बो गाडी ट्यून करणाऱ्यानं म्हणूनच आधी स्प्रिंगा, पडदा आणि पेट्रोलचा दाब तपासावा. बूस्ट त्यानंतर.

कोंडी फोडली साब या स्वीडिश कंपनीनं. 1977 मध्ये त्यांनी 99 टर्बो दाखवली होती. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला पेअर गिलब्रांड यांच्या हाताखाली एपीसी नावाची योजना गाडीत आली. इंजिनच्या ब्लॉकवर एक सेन्सर बसवला, आत दाबाला वीज देणारा स्फटिक. नॉकिंगचा विशिष्ट कंप आला की तो खूण देतो आणि बूस्ट उतरवलं जातं. कात्रजच्या चढावरचा मेकॅनिकचा कान आता ब्लॉकला कायमचा चिकटला होता! त्यामुळे साबला कॉम्प्रेशन 8.5 पर्यंत नेता आलं आणि हलकं पेट्रोल भरलं तरी इंजिन सांभाळून घेऊ लागलं.

दुसरा धागा बॉशचा. 1979 मध्ये बीएमडब्ल्यू 732आय मध्ये मोट्रॉनिक आलं: ठिणगी आणि इंजेक्शन दोन्ही एकाच डिजिटल बॉक्सच्या ताब्यात. वजनं आणि स्प्रिंगांच्या जागी आकड्यांचा तक्ता आला, एका बाजूला फेऱ्या, दुसऱ्या बाजूला लोड (इंजिनावरचा भार), प्रत्येक घरात ठिणगीचा एक कोन. या कामाला धार आली ती फॉर्म्युला वनच्या शर्यतींमध्ये. 1984 पासून शर्यतीला 220 लिटरच पेट्रोल आणि मध्ये भरायला बंदी. जास्तीचं पेट्रोल ओतून इंजिन थंड ठेवायची चैन संपली. पोर्शेनं मॅक्लारेन संघासाठी बांधलेल्या टॅग टर्बो इंजिनावर मोट्रॉनिक होतं. त्या इंजिनानं संघाच्या चालकांना, 1984 मध्ये लाउडाला आणि पुढची दोन वर्षं प्रॉस्टला विजेतेपद मिळवून दिलं.

944 टर्बोत हे दोन्ही धागे एकत्र आले. 2479 सीसी, चार सिलिंडर, कॉम्प्रेशन 8, इंटरकूलर, 220 अश्वशक्ती. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) असो वा नसो, अश्वशक्तीचा आकडा तोच. मोट्रॉनिकच्या बॉक्सशेजारी दुसरा बॉक्स, केएलआर. नॉकिंग ऐकू आलं की तो टायमिंग मागे घ्यायला लावतो, तेवढ्यानं भागलं नाही तर बूस्ट उतरवतो. मोट्रॉनिकच्या बॉक्सवर एक छोटा फिरता स्विचही आहे, पेट्रोलच्या दर्जाप्रमाणे मिश्रण आणि टायमिंग थोडं इकडेतिकडे करायला. जुनी गाडी घेतल्यावर हा स्विच कोणत्या खुणेवर आहे ते आधी पाहावं. आधीच्या मालकानं तो फिरवून ठेवला असेल तर पुढचं सगळं मोजमाप फसवं निघतं.

तक्ता ज्या चिपमध्ये असतो तिच्या पाठीवर काचेची इवलीशी खिडकी असते, वर कागदी चिकटपट्टी. अतिनील प्रकाश खिडकीतून आत गेला की आकडे पुसले जातात. म्हणजे पुसता येतात आणि नवे लिहिताही येतात. इथूनच चिप विकण्याचा धंदा सुरू झाला. बऱ्याच चिप चांगल्या होत्या, पण अमुक बूस्ट आणि अमुक पेट्रोल गृहीत धरूनच लिहिलेल्या. त्यातच पेट्रोलचा दाब 2.5 वरून 3 बार करायची रीत पडली. इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे सुमारे साडेनऊ टक्के जास्त, आणि ते नुसत्या बूस्टवर नाही, सगळीकडे. हळू चालताना एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर असला तर तो चूक निस्तरतो, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर तो हिशेबात नसतो. त्याची भाषाही तोकडी: मिश्रण 14.7 च्या कोणत्या बाजूला आहे तेवढं सांगतो, किती ते नाही. मिश्रणाचा नेमका आकडा सांगणारा वाइडबँड सेन्सर हौशी माणसाच्या खिशाला परवडू लागला आणि 2001 मध्ये मेगास्क्वर्ट नावाचा हातानं जोडायचा कंट्रोलर आला, तेव्हा कुठे मालकाला स्वतःचा तक्ता मोजून लिहिता येऊ लागला.

केएलआर बॉक्सला बूस्टचा दाब कळतो तो एका बारीक नळीतून. इतक्या वर्षांनी ती कडक होते, टोकाशी चिरते, आणि बॉक्सला खऱ्यापेक्षा कमी दाब दिसतो. लॅपटॉप जोडण्याआधी ती दोन बोटांत धरून वाकवून पाहावी. चीर दिसली तर त्या दिवशी तेवढीच बदलायची आणि गाडी होती तशी चालवून बघायची.