नळीपुढची न दिसणारी रेषा

साधा लेझर पॉइंटर हातात घ्या आणि समोरच्या भिंतीवर ठिपका एका जागी धरून पाहा. हात कितीही घट्ट ठेवला तरी ठिपका थरथरतो, श्वासाबरोबर वर-खाली होतो आणि बटण सोडताना हमखास उडतो. मनगट एका अंशाने वळलं, तर १० मीटरवरचा ठिपका साडेसतरा सेंटिमीटर सरकलेला असतो. हाताला याचा पत्ताही नसतो. भिंत दाखवते म्हणून कळतं.

बंदुकीच्या नळीतूनही अशीच एक रेषा सतत निघत असते, फक्त ती दिसत नाही. बंदूक टेबलावरून उचलताना, पुसताना, कपाटात ठेवताना ती रेषा घरभर फिरते. स्वतःच्या मांडीवरून, डाव्या हाताच्या तळव्यावरून, शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसावरून. पिस्तुलावर बसवायचं लेझर विकत घेणारा माणूस चांगल्या नेमासाठी ते घेतो. मला मात्र त्याचा सगळ्यात मोठा उपयोग वाटतो तो हा, की ते ही रेषा उजेडात आणतं.

अमेरिकेच्या मरीन कोअरमधले निवृत्त अधिकारी जेफ कूपर यांनी १९७६ मध्ये ॲरिझोनात पिस्तूल शिकवण्याची शाळा काढली. त्यांचे चार नियम आज जगभर शिकवले जातात. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा. जे नष्ट करायची तयारी नाही, त्याच्याकडे नळीचं तोंड वळू देऊ नका. नेम लक्ष्यावर येईपर्यंत बोट चापावर नको. लक्ष्य नेमकं काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, ते आधी ओळखा. नीट पाहिलं तर दुसरा आणि चौथा नियम त्या रेषेबद्दलचे आहेत. एक रेषेच्या वाटेवर कोण आहे ते विचारतो, दुसरा ती वाट कुठे संपते ते. लेझर यांपैकी एकाच नियमाला मदत करतं, आणि तीही अर्धी. त्याकडे येतोच. आधी त्याचं जे खरं बळ आहे ते पाहू.

साध्या पिस्तुलावर नेम धरताना डोळ्याला तीन गोष्टी एका ओळीत आणाव्या लागतात : मागची खाच, पुढची माशी (नळीच्या टोकावरचा बारीक उंचवटा) आणि लक्ष्य. खाच हातभर अंतरावर, माशी तिच्या थोडी पुढे आणि लक्ष्य दहा-पंधरा मीटरवर. डोळ्याचं भिंग एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट बघू शकतं, त्यामुळे नेमबाजाला माशी स्पष्ट आणि लक्ष्य धूसर ठेवायची सवय लावून घ्यावी लागते. ही सवय निसर्गाच्या उलट आहे. माणूस घाबरला की नजर धोक्यावर चिकटते आणि माशीवर परत येत नाही. त्यात चाळिशी लागली की भिंगाची लवचीकता कमी होते, आणि हातभर अंतरावरची माशी स्पष्ट दिसणंच मुश्किल होऊन बसतं. लेझर हा तिढा सोडवतं. खूण थेट लक्ष्यावरच उमटते, म्हणजे डोळ्याला एकाच अंतरावर पाहायचं असतं. पिस्तूल डोळ्यासमोर धरता येत नसेल, माणूस आडवा पडलेला असेल, तरी ठिपका दिसतो.

पहिला लेझर १६ मे १९६० रोजी थिओडोर मेमन यांनी कॅलिफोर्नियातल्या मॅलिबू इथल्या प्रयोगशाळेत चालवला, माणकाच्या कांडीतून. पुढे पिस्तुलांवर बसवलेले सुरुवातीचे लेझर हीलियम-निऑन वायूच्या नळीचे होते. त्यांना प्रचंड व्होल्टेज लागायचं आणि आकार पिस्तुलाला शोभेल असा मुळीच नव्हता. अर्धवाहक (सेमीकंडक्टर) लेझर स्वस्त झाले तेव्हाच हे साधन नखाएवढं होऊन पिस्तुलाच्या मुठीत मावलं.

रंगाचा प्रश्न रंजक आहे. आपला डोळा ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला सगळ्यात जास्त संवेदनशील असतो. ६५० नॅनोमीटरचा लाल प्रकाश त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतका जाणवतो, तर ५३२ नॅनोमीटरचा हिरवा जवळजवळ नव्वद टक्के. हिशोबच करू. अमेरिकेत अशा साधनांना ५ मिलिवॅटची मर्यादा आहे. तेवढ्या ताकदीचा लाल ठिपका ५ मिलिमीटर व्यासाचा धरला, तर त्याची दीप्ती साधारण १९ हजार लक्स (पृष्ठभागावर पडणारा प्रकाश मोजायचं एकक) भरते. हिरव्याची दीड लाखाच्या आसपास जाते. भर दुपारचं ऊन सुमारे एक लाख लक्सचं असतं. म्हणजे उन्हात लाल ठिपका बुडून जातो आणि हिरवा कसाबसा तग धरतो. घरात रात्री दोन-तीनशे लक्सचा दिवा असतो, तिथे दोन्ही डोळ्यांत भरतात. पूर्वीचे हिरवे लेझर हा रंग आडवळणाने मिळवत. ८०८ नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशाने स्फटिक चेतवायचा, त्यातून १०६४ चा प्रकाश काढायचा आणि दुसऱ्या स्फटिकाने त्याची वारंवारता दुप्पट करून ५३२ गाठायचे. या उठाठेवीमुळे ते थंडीत मंदावत. आता थेट हिरवा प्रकाश देणारे अर्धवाहक आले आहेत.

तेच ५ मिलिवॅट डोळ्यात थेट गेले तर दृष्टिपटलाला इजा होऊ शकते. घरात आरसा असतो, टीव्हीची काच असते, चकचकीत स्टीलची भांडी असतात, आणि किरण त्यांवरून उलटतो. मुलांच्या खेळण्यात असलं लेझर कधीही नको, ते बंदुकीवर असो वा नसो.

आता ठिपका आणि गोळी यांच्यातल्या फरकाकडे. लेझर नळीच्या आत नसतं, खाली किंवा बाजूला असतं. समजा ते नळीच्या ४ सेंटिमीटर खाली आहे आणि किरण व गोळी १० मीटरवर एकत्र येतील असं जुळवलं आहे. मग ५ मीटरवर गोळी ठिपक्याच्या २ सेंटिमीटर वर लागेल. २० मीटरवर ती ४ सेंटिमीटर खाली लागेल, आणि गुरुत्वाकर्षणामुळे आणखी थोडी खाली. किरण सरळ जातो, गोळी पडत पडत जाते. ताशी १२६० किलोमीटर वेगाची, म्हणजे सेकंदाला ३५० मीटर जाणारी गोळी १० मीटरमध्ये ४ मिलिमीटर खाली येते, २५ मीटरमध्ये अडीच सेंटिमीटर. घराच्या अंतरात हा फरक मामुली आहे. पण पिस्तूल एकदा जोरात आपटलं की जुळणी ढळते, आणि ठिपका तितक्याच आत्मविश्वासाने चुकीच्या जागी चमकत राहतो.

सरावात मात्र लेझरला तोड नाही. रिकाम्या पिस्तुलावर, गोळीचं नावही नसलेल्या खोलीत, चाप हळूहळू ओढायचा आणि भिंतीवरचा ठिपका पाहायचा. चाप ओढताना ठिपका खाली झुकला, तर मनगट आधीच धक्क्याच्या तयारीत आकसतंय. शिकणाऱ्याला हे शब्दांत कितीही समजावलं तरी पटत नाही, ठिपका एका क्षणात पटवतो. आधुनिक पेंटॅथलॉन या खेळाने तर गोळीच काढून टाकली. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये त्याचे खेळाडू १० मीटरवर लेझर पिस्तुलाने नेम साधत होते. आपल्याकडे कोल्हापूर-पुण्याने स्वप्नील कुसळेपर्यंत एकाहून एक नेमबाज दिले. त्यांच्या खेळात स्पर्धेला लेझर चालत नाही, पण कोरडा सराव, म्हणजे गोळी न भरता तासन्‌तास चाप ओढणं, हा त्यांच्या रोजच्या कष्टांचा भाग असतो. १० मीटर एअर रायफलमध्ये दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा आहे, हे लक्षात घेतलं की या सरावाची किंमत कळते.

आणि आता ती अर्धी मदत. अमेरिकेतल्या घरांच्या आतल्या भिंती बहुधा अर्धा इंच जाडीच्या जिप्सम बोर्डच्या असतात. लेझरचा ठिपका त्या बोर्डवर थांबतो. पिस्तुलाची गोळी थांबत नाही. ८ ग्रॅमच्या गोळीत जवळजवळ ४९० ज्यूल ऊर्जा असते. ताशी १४० किलोमीटरने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूत असते त्याच्या चौपट, आणि ती सगळी ९ मिलिमीटरच्या तोंडावर एकवटलेली. असे दोन-तीन बोर्ड ती सहज ओलांडते. म्हणजे ठिपका रेषेचा पहिला तुकडाच दाखवतो. भिंतीपलीकडे पाळणा आहे की शेजाऱ्याचं स्वयंपाकघर, हे तो सांगू शकत नाही, आणि चमकणाऱ्या ठिपक्याकडे पाहणारा माणूस ते विचारायला विसरतो. म्हणून चौथा नियम लेझरवाल्याने इतरांपेक्षा जास्त घोकायला हवा.

चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या पोकळीत, गोळी आहे का, हेही लेझरला कळत नाही. घरातली सगळ्यात घातक समजूत ही, की मॅगझीन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं. मॅगझीन हा पुढच्या गोळ्यांचा साठा आहे. एक गोळी आधीच वर चढून चेंबरमध्ये बसलेली असू शकते. म्हणून क्रम असा : नळी सुरक्षित दिशेला, बोट बाहेर, आधी मॅगझीन काढा, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) मागे ओढून चेंबर डोळ्यांनी पाहा आणि करंगळीने चाचपा. उलट क्रमाने केलंत, तर मॅगझीनमधली नवी गोळी चेंबरमध्ये जाईल आणि तुम्ही ते रिकामं समजाल. नेमबाजीच्या मैदानावर म्हणूनच रिकाम्या चेंबरमध्ये भगव्या-केशरी रंगाची पट्टी घालतात. लांबून पाहणाऱ्यालाही दिसावं, हा उद्देश.

बोटाचं शास्त्रही समजून घेण्यासारखं आहे. अनेक पिस्तुलांचा चाप अडीच किलोच्या आसपासच्या जोराने सुटतो. तरुण पुरुषाच्या मुठीची पकड याच्या कित्येक पट असते. स्नायूंचे अभ्यासक रॉजर एनोका यांनी २००३ मध्ये नकळत चाप ओढला जाण्याची तीन कारणं मांडली : अचानक दचकणं, तोल जाणं, आणि एका हाताने जोर लावताना दुसऱ्या हाताची बोटंही आवळली जाणं. रात्री अंधारात पाय अडखळला, दुसऱ्या हाताने दार ओढलं, एवढं पुरतं. माणूस कितीही शहाणा असो, ही आकसण मेंदूला विचारून होत नाही. उपाय एकच, बोट चापाबाहेर चौकटीवर सरळ ठेवणं.

बोट नसतानाही गोळी सुटू शकते. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून त्यांच्याच पायात घुसली. रिव्हॉल्व्हर ठेवताना हातातून निसटलं, असं तेव्हा सांगण्यात आलं. पाऊण किलोचं शस्त्र एक मीटरवरून पडलं तर सात ज्यूलच्या आसपास ऊर्जा घेऊन जमिनीवर येतं. काडतुसाच्या बुडाची टोपी पेटायला एक ज्यूलही लागत नाही. जुन्या बनावटीत मागचा घोडा थेट काडतुसावर टेकलेला असे, म्हणून सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच गोळ्या भरून घोड्याखालचं घर रिकामं ठेवायची रीत पडली. १९४४ मध्ये जहाजाच्या पोलादी डेकवर पडलेल्या स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरने एका खलाशाचा जीव घेतला, तेव्हा कंपनीने घोडा अडवणारा नवा अडसर बसवला. रिव्हॉल्व्हर जुनं असेल तर त्यात असा अडसर आहे का, हे माहितगार बंदूक-दुरुस्ताकडून तपासून घ्यायलाच हवं.

मला सगळ्यात अस्वस्थ करतो तो अटलांटामधला एक प्रयोग, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला. ८ ते १२ वर्षांच्या ६४ मुलांना दोघा-तिघांच्या गटांनी एका खोलीत खेळायला सोडलं. एका खणात खरं, पण निकामी केलेलं पिस्तूल लपवलं होतं. चाप पुरेशा जोराने ओढला की पलीकडे दिवा लागायची सोय होती. ४८ मुलांना ते पिस्तूल सापडलं. ३० जणांनी हाताळलं. १६ जणांनी चाप ओढला. आणि हाताळणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक मुलांना बंदुकीच्या सुरक्षिततेबद्दल आधी काही ना काही शिकवलेलं होतं. सापडलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना ते खेळणं वाटलं किंवा खरं की खोटं ते ठरवता आलं नाही. अमेरिकेत २०१५ च्या सर्वेक्षणावरून काढलेल्या अंदाजानुसार सुमारे ४६ लाख मुलं अशा घरांत राहत होती, जिथे किमान एक बंदूक भरलेली आणि कुलुपाबाहेर होती.

मुलाला समजावणं पुरत नाही, वस्तूच हाताला लागू नये. २००५ च्या एका अमेरिकी अभ्यासात चार गोष्टी वेगवेगळ्या तपासल्या : बंदूक कुलपात, बंदूक रिकामी, काडतुसं कुलपात, आणि काडतुसं बंदुकीपासून वेगळी. चारही सवयी मुलांच्या अपघातांच्या आणि आत्महत्यांच्या कमी धोक्याशी जोडलेल्या आढळल्या. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, म्हणून हा दुसरा शब्द वगळून चालणार नाही. आत्मघाताची तीव्र ऊर्मी अनेकदा थोड्या वेळात ओसरते. कुलूप तो वेळ मिळवून देतं. घरात कुणी खचलेलं असेल, तर त्या काळापुरती बंदूक घराबाहेरच जावी.

कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर आमच्या घरी टोपीची, म्हणजे घोड्याखाली स्फोटक टोपी बसवून उडवायची, जुनी बंदूक होती, रानडुकरांसाठी. तिच्यावर लेझर तर सोडाच, माशीसुद्धा झिजलेली होती. अंगणात पाय ठेवण्याआधी आजोबा तिची टोपी काढून घेत, आणि नळी कौलांकडे धरूनच माजघरात येत. बंदूक उंच खुंटीवर जाई. टोप्यांचा डबा दुसऱ्या खोलीतल्या पेटीत, आणि पेटीची किल्ली आजोबांच्या करगोट्याला.