इम्प्लांटनंतर थांबायचं कशासाठी?

इम्प्लांट म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्यात बसवायचं कृत्रिम मूळ. त्याचा स्क्रू तासाभरात हाडात बसतो. त्यानंतर डॉक्टर सांगतात, ‘आता तीन महिन्यांनी या.’ बहुतेक पेशंट इथेच खट्टू होतात. भूल झाली, टाके पडले, पैसेही भरले, मग दात कुठे आहे? लग्नकार्य तोंडावर असेल तर ‘जरा लवकर जमवा ना’ असा आग्रहही होतो. पण या उपचारातलं मुख्य काम त्या थांबण्यातच होतं, आणि हे कळायला दंतवैद्यांना दीडशे वर्षं लागली.

हाडात कृत्रिम मूळ रोवायची धडपड जुनी आहे. १८०९ मध्ये माज्जिओलो यांनी सोन्याचं मूळ बसवून पाहिलं. १९१३ मध्ये अमेरिकेत ग्रीनफिल्ड यांनी इरिडियम-प्लॅटिनमच्या तारेची पोकळ जाळी वापरली. १९३०च्या दशकात बोस्टनमध्ये स्ट्रॉक यांनी कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचे स्क्रू बसवले आणि त्यांतले काही बरेच टिकले. पुढे हिरडीखाली हाडावर टेकवायच्या धातूच्या चौकटी आल्या, पात्यासारखे चपटे इम्प्लांट आले. अडचण मात्र तीच राहिली. धातू आणि हाड यांच्यामध्ये मऊ तंतूंचा थर तयार व्हायचा, त्यामुळे दात हलायचा आणि पुढे जंतुसंसर्ग व्हायचा. खऱ्या दाताभोवतीही तंतूंची गादी असते, तेव्हा हा थर चांगलाच, असं त्या काळचे बरेच जाणकार मानत. ज्या थरामुळे इम्प्लांट निकामी होत होते, त्याचंच समर्थन चाललं होतं.

उत्तर मिळालं ते दातांशी संबंध नसलेल्या प्रयोगातून. १९५२ मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे तरुण संशोधक हाडातलं रक्ताभिसरण अभ्यासत होते. सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी चौकट बसवून ते सूक्ष्मदर्शकातून आत पाहत. काम झाल्यावर चौकट काढायला गेले, तर ती निघेना. हाड धातूला थेट चिकटून वाढलं होतं, मधे तो मऊ थर नव्हताच. टायटॅनियमच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा आपोआप तयार होतो. त्यामुळे धातू गंजत नाही आणि हाडाच्या पेशी त्याला परकं मानून दूर ठेवत नाहीत.

ब्रोनेमार्क यांचं मोठेपण मला त्यांच्या पुढच्या सावधपणात दिसतं. माणसाच्या जबड्यापर्यंत यायला त्यांनी १९६५ साल उजाडू दिलं. पहिले पेशंट गोस्टा लार्सन. जबड्यात जन्मतः व्यंग होतं आणि खालच्या जबड्यात दात नव्हते. त्यांना चार इम्प्लांट बसवले आणि ते २००६ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत टिकले. तरीही दंतवैद्यकाच्या जगात बराच काळ अविश्वासच होता, कारण आधीच्या अपयशांमुळे इम्प्लांट बदनाम झाले होते. १९८२ मध्ये टोरांटोत दंततज्ज्ञ जॉर्ज झार्ब यांनी भरवलेल्या परिषदेत स्वीडिश संशोधकांनी अनेक वर्षांच्या नोंदी मांडल्या. तिथून हा उपचार जगभर पसरला.

आज खुर्चीत बसल्यावर जे घडतं, त्याचे नियम याच कामातून आले आहेत. ड्रिल सावकाश फिरतं आणि त्यावर सलाइनची धार सोडलेली असते. हाड ४७ अंश सेल्सियसला मिनिटभर तापलं तरी त्याला इजा होते, हे १९८३ मध्ये स्वीडनमध्येच प्रयोगातून दिसलं. जुन्या पद्धतीत स्क्रू हिरडीखाली झाकून ठेवायचे आणि खालच्या जबड्यात तीन, वरच्या जबड्यात सहा महिने थांबायचं. वरचं हाड जास्त सच्छिद्र असतं, म्हणून हा फरक. स्क्रू नवा असताना त्यावर चावण्याचा जोर पडून तो सूक्ष्म हलत राहिला, तर हाडाऐवजी पुन्हा तोच तंतूंचा थर येतो. घाई नको, ती एवढ्यासाठी.

१९९०च्या दशकात इम्प्लांटचा पृष्ठभाग वाळूसारख्या कणांच्या माऱ्याने आणि आम्लाने खरबरीत करायला लागले. त्यावर हाड लवकर धरतं, त्यामुळे चांगल्या हाडात सहा ते आठ आठवड्यांतही कॅप, म्हणजे स्क्रूवरचा दिसणारा दात, लावता येते. स्क्रू पहिल्याच दिवशी घट्ट बसला, तर काहींना त्याच दिवशी तात्पुरता दातही मिळतो. पण हा निर्णय हाड पाहून घ्यायचा असतो. जाहिरात वाचून आग्रह धरू नये.

शस्त्रक्रियेच्या वेळी भुलीमुळे दुखण्यापेक्षा थरथर आणि दाब जास्त जाणवतो. दोन-तीन दिवस सूज असते, आठ-दहा दिवसांत टाके निघतात. मऊ भात, खिचडी चालते. चकली, कडक भाकरी त्या बाजूने नको. आपल्याकडे दोन गोष्टी डॉक्टरांपासून लपवल्या जातात: तंबाखू-मिश्रीची सवय आणि न आवरलेला मधुमेह. दोन्हींमुळे जखम भरायला वेळ लागतो आणि हाड धरण्यात अडथळा येतो. त्या आधीच सांगितल्या, तर डॉक्टर थांबण्याचा काळ वाढवू शकतात किंवा साखर आटोक्यात येईपर्यंत शस्त्रक्रियाच पुढे ढकलू शकतात. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण भोवतीची हिरडी सुजून हाड झिजू शकतं. त्यामुळे कॅप लागल्यावरही रोजचं ब्रशिंग, दातांमधल्या फटींची सफाई आणि ठरावीक काळाने तपासणी चालू ठेवावी लागते.