वय, बर्फ आणि यारोमिर यागर

उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगच्या 2015-16 च्या हंगामात फ्लोरिडा पँथर्स या संघासाठी सर्वाधिक गुण मिळवले ते यारोमिर यागर या चेक खेळाडूने. आइस हॉकीत स्वतः केलेल्या गोलाला एक आणि दुसऱ्याच्या गोलाला केलेल्या साहाय्याला एक असा गुण मिळतो; यागरने 27 गोल केले, 39 गोलांना हात लावला, आणि हंगाम चालू असतानाच त्याला 44 वर्षे पूर्ण झाली. त्याच्याबरोबर आघाडीला खेळणारा अलेक्सांडर बार्कोव हा त्या हंगामाच्या सुरुवातीला 20 वर्षांचा होता. यागर 1990 मध्ये या लीगमध्ये दाखल झाला तेव्हा बार्कोव जन्मालाही आला नव्हता. कॅनडातील संशोधकांनी 2014 मध्ये लीगच्या आकडेवारीवरून काढलेला निष्कर्ष असा आहे की आघाडीचा खेळाडू 27-28 व्या वर्षी ऐन भरात असतो आणि तिशी ओलांडल्यावर दोन-चार वर्षांतच त्याची उतरण जाणवू लागते. या हिशेबाने यागरची उतरण सुरू होऊन दहाहून अधिक वर्षे झालेली होती.

ती सुरू झालेली नव्हती असे कोणी म्हणणार नाही. 1995-96 मध्ये त्याने 149 गुण मिळवले होते आणि बरोबर वीस वर्षांनी 66. त्या काळी लीगमध्ये एकूणच गोल जास्त होत असत हे गृहीत धरले तरी ही घट मोठीच आहे. म्हणून या माणसावर वयाचा परिणाम झाला नाही, ही चाहत्यांची लाडकी समजूत बाजूला ठेवलेली बरी. परिणाम होऊनही तो इतका काळ टिकला कसा, हे शरीरशास्त्राच्या दृष्टीने विचारण्यासारखे आहे, आणि त्याचे बरेचसे उत्तर या खेळाच्या रचनेतच सापडते.

धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट बल जमिनीकडून टाचेवर, गुडघ्यावर आणि खुब्यावर येते. बर्फावर पाऊल आपटत नाही. स्केटचे पोलादी पाते टेकते आणि घसरत पुढे जाते. बर्फाच्या पृष्ठभागावरचे रेणू खालच्या थरांइतके घट्ट बांधलेले नसतात, त्यात घर्षणाच्या उष्णतेची भर पडते, आणि पात्याखाली वंगणासारखा एक अतिशय पातळ थर तयार होतो. पाते आणि बर्फ यांच्यातील घर्षणांक 0.005 च्या आसपास असतो, म्हणजे बुटाचा रबरी तळवा आणि डांबरी रस्ता यांच्यातील घर्षणाच्या शंभराव्या भागाहूनही कमी. एकदा मिळवलेला वेग त्यामुळे सहजासहजी वाया जात नाही, आणि धावपटूच्या सांध्यांना वर्षानुवर्षे बसणारा ठोक्यांचा मार स्केटरच्या वाट्याला येत नाही. त्याचे दुखणे वेगळ्या जागी उमटते: पाय बाजूला रेटून पुन्हा आत ओढण्याच्या त्याच त्या हालचालीने मांडीच्या आतले स्नायू आणि खुब्याचा सांधा झिजतो, आणि जांघेची दुखापत हा हॉकीपटूंचा जुना सोबती असतो.

दुसरी सवलत नियमांनीच दिलेली आहे. सामना 60 मिनिटांचा, पण कोणताही खेळाडू तेवढा वेळ बर्फावर राहत नाही. गोलरक्षक सोडून पाच जण मैदानात असतात आणि बाकीचे कठड्यामागच्या बाकावर. सुमारे 45 सेकंद जीव तोडून खेळायचे, मग खेळ चालू असतानाच कठड्यावरून आत येऊन दोन-तीन मिनिटे बसायचे आणि आपली पाळी आली की पुन्हा उतरायचे. फ्लोरिडातल्या त्या हंगामात यागर एका सामन्यात साधारण 17 मिनिटे बर्फावर असे. या 45 सेकंदांसाठी लागणारी ऊर्जा बव्हंशी दोन साठ्यांतून येते. पहिले काही सेकंद स्नायूतले क्रिएटिन फॉस्फेट पुरते, आणि पुढे ग्लायकोजेनचे, म्हणजे स्नायूत साठलेल्या साखरेचे, ऑक्सिजनविना होणारे विघटन भार उचलते. खर्च झालेले क्रिएटिन फॉस्फेट पुन्हा भरण्याचे काम मात्र बाकावर बसल्यावर होते आणि ते ऑक्सिजनवर चालते. निम्मा साठा अर्ध्या मिनिटाच्या आसपास भरून येतो आणि जवळजवळ पूर्ण साठा भरायला काही मिनिटे लागतात.

वयाचा घाला कुठे बसतो आणि कुठे बसत नाही, हे इथे बारकाईने पाहावे लागते. व्यायाम न करणाऱ्या माणसाची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता तिशीनंतर दर दशकाला सुमारे दहा टक्क्यांनी घटते. कठोर सराव चालू ठेवणाऱ्यांत हा वेग निम्म्यावर आणता येतो. पेशींत ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका सरावाला म्हातारपणीही चांगला प्रतिसाद देतात. साठा भरून काढण्याची यंत्रणा म्हणूनच चाळिशीतल्या खेळाडूला बऱ्यापैकी राखता येते. जे राखता येत नाही ते म्हणजे पहिल्या दोन-तीन पावलांचा झपाटा. स्नायूंत सावकाश आकुंचन पावणारे चिवट तंतू असतात आणि झटक्यात आकुंचन पावणारे जोरकस तंतू असतात. वाढत्या वयात मज्जारज्जूतल्या काही चेतापेशी मरतात, त्यांच्या ताब्यातले जोरकस तंतू पोरके होतात, आणि शेजारच्या सावकाश चेतापेशींनी त्यांना आपल्या ताब्यात घेतले नाही तर ते वाळून जातात. दत्तक गेलेला तंतू जगतो, पण नव्या घरच्या चालीने सावकाश वागू लागतो. व्यायामाने हे लांबवता येते, पूर्णपणे टाळता आल्याचे दिसत नाही.

यागरने झपाट्याच्या जागी काय वापरले हे समजण्यासाठी त्याच्या लहानपणाकडे जावे लागते. त्याचा जन्म 15 फेब्रुवारी 1972 चा, तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या क्लाड्नो या खाणी आणि पोलाद कारखान्यांच्या गावचा. लहान असताना आपण रोज हजार बैठका मारत असू, असे तो स्वतः सांगतो. आकडा तंतोतंत खरा मानला नाही तरी त्याच्या मांड्या पाहिल्यावर फारशी शंका उरत नाही. वाढत्या वयात घेतलेल्या अशा मेहनतीचे मोल काय, यावर गेल्या काही वर्षांत मोलाचे संशोधन झाले आहे. ऑस्लोतील शास्त्रज्ञांना 2010 मध्ये उंदरांत असे आढळले की भार घेऊन वाढलेल्या स्नायूतंतूत नवी केंद्रके येतात आणि पुढे तो तंतू बारीक झाला तरी ती केंद्रके टिकून राहतात, म्हणजे पुन्हा वाढण्याची सामग्री तयारच असते. माणसात हे कितपत लागू पडते यावर अजून मतभेद आहेत. हाडांबाबत पुरावा अधिक भक्कम आहे. तरुणपणी बेसबॉल फेकणाऱ्यांच्या फेकीच्या हाताच्या हाडात आलेल्या बळकटीचा काही भाग खेळ सोडल्यानंतर अनेक दशकांनीही शिल्लक असल्याचे अमेरिकेत मोजून दाखवण्यात आले आहे.

सर्वांत थक्क करणारी गोष्ट स्नायू हाडाला जोडणाऱ्या स्नायुरज्जूंची आहे. 1955 ते 1963 या काळात खुल्या हवेत झालेल्या अणुचाचण्यांमुळे वातावरणात कार्बन-14 चे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले आणि चाचण्या थांबल्यावर ते दरवर्षी उतरत गेले. अन्नावाटे तो कार्बन शरीरात जातो, त्यामुळे एखादी ऊती कोणत्या वर्षी बनली याची जणू तारीखच तिच्यावर उमटते. डेन्मार्कमधील संशोधकांनी 2013 मध्ये टाचेमागच्या जाड स्नायुरज्जूचा गाभा या रीतीने तपासला, तेव्हा तो वयाच्या पहिल्या सतरा वर्षांत तयार होतो आणि पुढे आयुष्यभर जवळजवळ बदलत नाही असे दिसून आले. त्याच पायातला स्नायू मात्र सतत नव्याने घडत असतो. यागरला सतरावे वर्ष पूर्ण झाले फेब्रुवारी 1989 मध्ये. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्याच्या देशातली कम्युनिस्ट राजवट कोसळली आणि पुढच्या वर्षी तो पिट्सबर्गला रवाना झाला. त्याच्या पाठीवरचा 68 हा आकडा 1968 च्या सोव्हिएत आक्रमणाची आठवण म्हणून घेतलेला आहे, हे प्रसिद्धच आहे. पण ज्या रज्जूंच्या बळावर तो पुढे अमेरिकेत आणि रशियात खेळला, तेही त्या जुन्या राजवटीतच घडून तयार झालेले होते.

या भक्कम पायांचा उपयोग त्याने पळण्यापेक्षा ठाण मांडण्यासाठी अधिकाधिक केला. आइस हॉकीत पक नावाची 170 ग्रॅम वजनाची रबरी चकती ज्याच्या स्टिकपाशी असते त्याच्यावर प्रतिस्पर्धी अंग घालून धडकू शकतो. यागर मैदानाच्या कोपऱ्यात कठड्याला धरून उभा राही, गुडघे वाकवी, दोन पायांत भरपूर अंतर ठेवी, पाठ आणि कुल्ले प्रतिस्पर्ध्याकडे करी आणि लांब हातांनी चकती त्याच्या आवाक्याबाहेर धरून ठेवी. सहा फुटांहून उंच आणि शंभर किलोंहून अधिक वजनाच्या माणसाने असे बूड खाली घातले की त्याचा गुरुत्वमध्य खाली येतो आणि त्याला हलवायला जास्त बल लागते. विशीतला चपळ बचावपटू त्याच्या भोवती घिरट्या घालत राहतो आणि तेवढ्यात बार्कोव मोकळ्या जागेत पोहोचतो. या डावपेचाला लागणारी ताकद सावकाश, टिकाऊ स्वरूपाची आहे आणि ती झपाट्याइतकी लवकर ओसरत नाही. ती टिकावी म्हणून तो सामन्यानंतर रात्री उशिरा वजनाचे जॅकेट घालून रिकाम्या मैदानात स्केटिंग करीत असे.

मेंदूचा हिशेबही असाच दुहेरी आहे. दिवा लागताच बटण दाबण्यासारख्या साध्या चाचणीत माणसाचा प्रतिक्रियाकाळ विशीनंतर हळूहळू वाढत जातो. पण सामन्यात दिव्यासारखे अचानक काही घडत नाही. खांदा वळतो, स्टिकचा कोन बदलतो, नजर एका बाजूला जाते आणि मग चकती सुटते. 1979 मध्ये झालेल्या एका प्रयोगात तरुण गोलरक्षकांना फटक्याचे चित्रण दाखवून चकती सुटण्याआधीच ते थांबवले, तरी फटका कोणत्या बाजूला जाणार हे ते नुसत्या तर्कापेक्षा बरेच अचूक सांगू शकले. हजारो सामन्यांत साठत गेलेली ही ओळख चाळिशीत कमी होत नाही. काही मिलिसेकंदांनी मंद झालेला खेळाडू अर्धा सेकंद आधी निघाला तर तो वेळेवरच पोहोचतो.

गॉर्डी हाउ याचे उदाहरण याहूनही टोकाचे आहे. 1928 मध्ये कॅनडाच्या सस्कॅचवन प्रांतात जन्मलेला हा खेळाडू 1946 मध्ये डेट्रॉइट रेड विंग्जकडून लीगमध्ये आला. 1950 मध्ये कठड्यावर आदळून त्याच्या कवटीचे हाड मोडले आणि मेंदूवरचा दाब कमी करण्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागली. पुढच्याच हंगामात तो 86 गुण मिळवून लीगमध्ये पहिला आला. मनगटाच्या दुखण्याने 1971 मध्ये निवृत्त झालेला हाउ शस्त्रक्रियेनंतर 1973 मध्ये आपल्या दोन मुलांबरोबर एकाच संघात खेळायला परतला, आणि 1979-80 मध्ये हार्टफर्ड व्हेलर्सकडून हेल्मेट न घालता सर्वच्या सर्व 80 सामने खेळला; त्या हंगामाच्या अखेरीस त्याला 52 वर्षे पूर्ण झाली.

ही दोन नावे घेताना बॉबी ऑर विसरून चालत नाही. अनेक जाणकार ज्याला हाउच्याही वर ठेवतात, तो ऑर 1978 मध्ये तिसाव्या वर्षी संपला, कारण त्याचा डावा गुडघा शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया होऊन निकामी झाला होता. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसल्यामुळे ती फाटली तर सहसा सांधत नाही, आणि दुर्बिणीतून गुडघ्याची दुरुस्ती करण्याचे तंत्र त्याच्या उमेदीच्या काळात रुळलेले नव्हते. ऑरने मेहनतीत कसूर केली असे कोणी म्हटलेले नाही. दीर्घ कारकिर्दीचे रहस्य केवळ टिकलेल्यांना विचारून शोधले, तर त्यांच्याइतकेच कष्ट करून चुकीच्या कोनात एकदा पडलेले सगळे जण हिशेबातून गळतात. लीगमधल्या बहुसंख्य खेळाडूंची कारकीर्द काही थोड्या वर्षांतच आटोपते. यागरच्या बैठकांचे महत्त्व मान्य करूनही, त्याच्या वाट्याला आलेले अखंड गुडघे हा बराचसा नशिबाचा भाग आहे असे माझे मत आहे.

लांबलेल्या कारकिर्दीची एक किंमत मात्र गुडघ्यांत दिसत नाही. डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनी मेंदूत टाऊ नावाचे प्रथिन विशिष्ट जागी साचत जाते, स्मृती आणि स्वभाव बिघडतात, आणि या विकाराचे निश्चित निदान आज तरी मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होते. नॅशनल हॉकी लीगच्या माजी खेळाडूत तो पहिल्यांदा आढळला 2009 मध्ये, रेजी फ्लेमिंग याच्या मेंदूत. बॉस्टन विद्यापीठातील संशोधकांनी पुढे दान मिळालेल्या मेंदूंवरून दाखवले की हॉकी जितकी अधिक वर्षे खेळली तितकी या विकाराची शक्यता वाढत जाते. केवळ बेशुद्ध पाडणारे आघातच घातक असतात असे नाही; छोटे, कोणाच्या नोंदीतही नसलेले धक्के साठत जातात. दान केलेल्या मेंदूंमध्ये आजारी पडलेल्यांचे प्रमाण जास्त असणार, म्हणून या अभ्यासांतले आकडे सर्व खेळाडूंना लावता येत नाहीत, पण वर्षे आणि धोका यांचा संबंध पुसता येण्यासारखा नाही.

यागरची या लीगमधली अखेर झाली ती कॅलगरी फ्लेम्स या संघात. 2017 च्या हिवाळ्यात पायांच्या आणि जांघेच्या दुखापतींनी तो केवळ 22 सामने खेळू शकला आणि त्यात त्याला एकच गोल करता आला. त्याच्या नावावर 1733 सामने आणि 1921 गुण जमा झाले होते. गुणांत त्याच्यापुढे फक्त वेन ग्रेट्स्की आहे. 2018 मध्ये तो क्लाड्नोला परतला, तेव्हा तिथला संघ चेक हॉकीच्या दुसऱ्या श्रेणीत खेळत होता. तिथला वेग कमी होता, प्रवास कमी होता आणि लीगच्या 82 सामन्यांइतकी दमछाक नव्हती. जानेवारी असो वा मार्च, दुखरे स्नायू सावरेपर्यंत तो सामने सोडू शकत होता, कारण संघाची मालकी त्या काळात त्याच्याकडेच होती. आणि प्रेक्षक व प्रायोजक त्याच्या नावावर येत असल्यामुळे पूर्णपणे थांबणे त्याला परवडतही नव्हते. 2024-25 च्या हंगामात, वयाची 53 वर्षे पूर्ण करून, तो तिथे खेळतच होता.