यंत्राचं सोंग

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने १९५० साली जवळपास हेच लिहून ठेवलंय, फक्त पैशाच्या जागी गणित घालून. ‘माइंड’ या नियतकालिकातला त्याचा लेख यंत्राने माणसाचं सोंग घेण्याबद्दल आहे, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्याच लेखात एका ओळीत उलटा डावही येऊन जातो. माणसाने यंत्र असल्याचा आव आणला तर? लगेच पकडला जाईल, असं ट्युरिंग म्हणतो, कारण हिशेबात माणूस सावकाश चालतो आणि चुकतो.

हल्ली ऑनलाइन रंगणारा खेळ म्हणजे नेमका हा उलटा डाव. एकाने प्रश्न टाकायचा आणि पलीकडच्या हाडामांसाच्या माणसाने एआय बनून उत्तर द्यायचं. खेळ नवा असला, तरी सोंग बरंच जुनं आहे.

१७७० मध्ये व्हिएन्नाच्या शॉनब्रुन राजवाड्यात व्होल्फगांग फॉन केम्पेलेनने महाराणी मारिया थेरेसापुढे बुद्धिबळ खेळणारा एक यांत्रिक ‘तुर्क’ मांडला. पागोटं घातलेला लाकडी पुतळा आणि त्याच्यापुढे मोठी पेटी. खेळाआधी पेटीची दारं एकेक करून उघडून आतली चाकं दाखवत. आत एक बुद्धिबळपटू सरकत्या बैठकीवर बसलेला असे. एक दार उघडलं की तो दुसरीकडे सरके. सोंगट्यांच्या तळाशी लोहचुंबक होते, त्यामुळे वरची चाल त्याला खालून कळे. आत उजेडासाठी मेणबत्ती लागायची आणि तिचा धूर-वास लपवायचा म्हणून वर टेबलावरही मेणबत्त्या लावून ठेवत. या बारकाव्याला मी कायम दाद देतो. १८५४ मध्ये फिलाडेल्फियातल्या आगीत हा तुर्क जळाला. त्याचं नाव मात्र ॲमेझॉनने २००५ मध्ये उचललं, यंत्राला न जमणारी किरकोळ कामं माणसांकडून करून घेणाऱ्या ‘मेकॅनिकल टर्क’ या सेवेसाठी.

ट्युरिंगचा मूळ खेळ दिवाणखान्यातला होता. एक पुरुष, एक स्त्री आणि दुसऱ्या खोलीत बसलेला प्रश्नकर्ता. उत्तरं टंकलिखित, म्हणजे आवाजावरून काही कळायला नको. पुरुषाने आपण स्त्री असल्याचं भासवायचं. मग ट्युरिंगने पुरुषाच्या जागी यंत्र बसवलं. लेखातली नमुन्याची प्रश्नोत्तरं मुद्दाम वाचण्यासारखी आहेत. प्रश्न: ३४९५७ मध्ये ७०७६४ मिळवा. तीस सेकंदांनी उत्तर येतं, १०५६२१. कागदावर करून पाहा, बेरीज १०५७२१ येते. चूक ट्युरिंगची की सोंग घेणाऱ्याची, यावर अजून वाद घालता येतो. मला ती मुद्दाम पेरलेली वाटते, कारण माणसासारखं दिसायचं तर थांबायला हवं आणि चुकायलाही हवं, असं तो पुढे स्वतःच सुचवतो. त्याच प्रश्नोत्तरांत स्कॉटलंडमधल्या फोर्थ पुलावर एक सुनीत, म्हणजे चौदा ओळींची कविता, लिहायला सांगितलंय. उत्तर येतं, हे मला जमणार नाही, कविता मला कधी करताच आली नाही.

ही दोन उत्तरं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

माणूस न ठरवताही यंत्र ठरू शकतो, हे १९९१ मध्ये बॉस्टनच्या कॉम्प्युटर म्युझियममध्ये दिसलं. टंकलिखित गप्पांवरून पलीकडे माणूस आहे की संगणक, हे परीक्षकांनी ओळखायच्या लोबनर स्पर्धेच्या त्या पहिल्याच वर्षी शेक्सपिअरवर बोलणाऱ्या एका बाईंना तीन परीक्षकांनी संगणक ठरवलं. इतकं कुणा माणसाला माहीत असेल का, ही शंका. पुढे रेडिट या चर्चांच्या संकेतस्थळावर एक आख्खा अड्डाच तयार झाला, जिथे लोक ‘माणूस असल्याचं नाटक करणारा रोबो’ बनून सगळं कॅपिटल अक्षरांत लिहीत. हा विनोद मराठीत आणायची सोय नाही, देवनागरीत मुळात कॅपिटलच नाही.

खरी गर्दी २०२३ मध्ये झाली. ‘ह्यूमन ऑर नॉट’ या खेळात दोन मिनिटं अनोळखी कुणाशी तरी गप्पा मारायच्या आणि तो माणूस होता की बॉट, म्हणजे गप्पा मारणारा संगणक प्रोग्रॅम, ते सांगायचं. पहिल्या महिन्यात पंधरा लाखांहून जास्त लोक खेळले. ६८ टक्के वेळा अंदाज बरोबर आला. देशवार पाहिलं तर फ्रान्स ७१.३ टक्क्यांवर आणि भारत ६३.५ टक्क्यांवर, म्हणजे आपण जरा जास्तच फसलो. पण गंमत वेगळीच होती. हा खेळ बॉट ओळखण्याचा, तरी कित्येक जण आपण होऊन बॉट बनू लागले. ‘एक एआय भाषा-मॉडेल म्हणून मी…’ अशी सुरुवात करायची, चिडायचं नाही, व्याकरण नीट ठेवायचं. तुर्काच्या वेळी यंत्र म्हणजे ताठ हात होता, ट्युरिंगच्या वेळी बिनचूक हिशेब. आता यंत्राची खूण म्हणजे अदब. शिवी आली, की पलीकडे माणूस.

एआय म्हणजे ‘ॲक्च्युअली इंडियन्स’ ही कोटी याच सुमाराची. स्वयंचलित म्हणून विकलेल्या काही सेवांमागे भारतात बसलेली माणसं असल्याच्या बातम्यांवरून ती फिरली. आपले लोक हसले, पण पेटीत कोण बसलंय हे कळल्यावरचं ते हसू होतं.

सोंग घेऊन बसलेल्या आजच्या खेळाडूला बेरीज विचारली, तर तो शेजारच्या खिडकीत कॅल्क्युलेटर उघडून क्षणात १०५७२१ लिहितो. फोर्थ पुलावर सुनीत मागितलं की मात्र पडद्यावर टिंबं हलत राहतात, आणि मिनिटभराने दोन ओळी येतात, त्याही यमक चुकलेल्या.