आठ की दहा? अंगणातून पाखरं बघायची दुर्बीण

मागच्या वाडीतला उंबर पिकला की हरियलांचा, म्हणजे हिरव्या कबुतरांचा, थवा उतरतो. पंचवीस-तीस पाखरं झाडात असतात, पण खालून एकही दिसत नाही. नुसती उंबरं टपटप पडत राहतात. गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या गावात मी दुर्बीण घेतली ती त्या टपटपीपायी. आता कोणी ना कोणी विचारायला येतं, "८×४२ घेऊ की १०×४२?" दोन्ही शेजारी ठेवल्या तर ओळखू येत नाहीत. अंग तेच, वजन तेच, किमतीत थोडाफार फरक. मग बहुतेक जण दहाची उचलतात, तेवढ्याच पैशात जास्त मिळतं म्हणून. मीही आधी तीच उचलली होती.

यातला पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसते, आणि दुसरा म्हणजे पुढच्या काचेचा व्यास, मिलिमीटरमध्ये. वीस मीटरवरचं पाखरू आठच्या दुर्बिणीतून अडीच मीटरवर बसल्यासारखं दिसतं, दहाच्यातून दोन मीटरवर. अंगणात कमाई आहे ती या अर्ध्या मीटरची. त्यासाठी मोजावं लागतं ते मात्र पुष्कळ.

सगळ्यात आधी जाते ती रुंदी. निकॉनच्या अ‍ॅक्युलॉन ए२११ या स्वस्तातल्या मालिकेत दोन्ही मिळतात, म्हणून तिचंच उदाहरण घेतो. आठचीतून ८ अंशांचा पट्टा दिसतो, दहाचीतून ६ अंशांचा. वीस मीटरवरच्या उंबरात याचा हिशेब असा होतो: एकीतून सुमारे नऊ फूट रुंदीचा भाग दिसतो, दुसरीतून सात फुटांचा. हिरव्या पानांत हिरवं पाखरू शोधताना हे दोन फूट फार मोठे असतात. फांदी हलली, तुम्ही दुर्बीण डोळ्याला लावली, आणि समोर नुसती पानं. आपण नेमके कुठल्या फांदीवर आहोत हेच कळत नाही. कळेपर्यंत थवा उडालेला असतो. नवशिक्याचा हिरमोड बहुतेक वेळा इथेच होतो आणि दुर्बीण कपाटात जाते.

मग हात. दहापट मोठं दिसतं तेव्हा हाताची थरथरही दहापट होते. आमचे आबाजी ऐंशीच्या घरात आहेत. अंगणात खाटेवर बसून त्यांनी पहिल्यांदा दहाची डोळ्याला लावली आणि लगेच खाली ठेवली. "हे तं लय हालते बा. पाखरू हाये का पान हाये, समजतच नाई." नंतर मी शेजाऱ्याची आठची मागून आणली. दोन्ही कोपरं गुडघ्यांवर टेकवून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "पाय पिवळे हायेत याचे." हरियलाची खूण ती हीच. ऐंशी वर्षं त्या उंबराखाली वावरलेल्या माणसाने ते पिवळे पाय त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. माझ्यापुरता आठ-दहाचा निकाल तिथेच लागला.

उजेडाचा फरक दिवसा कळत नाही. दुर्बीण हातभर लांब धरून आभाळाकडे केली की मागच्या काचेत उजेडाचा एक गोल ठिपका दिसतो. त्याचा व्यास म्हणजे ४२ भागिले पट: आठचीत सव्वापाच मिलिमीटर, दहाचीत चार पूर्णांक दोन. भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, त्यामुळे दोन्ही सारख्याच. पण दिवेलागणीला पिंगळा आंब्याच्या ढोलीतून बाहेर येतो, रोही (नीलगाय) वावराच्या धुऱ्यावर येऊन उभी राहते, तेव्हा बाहुली मोठी झालेली असते. अशा वेळी आठची दुर्बीण दीडपट उजेड आत सोडू शकते. घरून जनावरं बघायची खरी वेळ तीच असते, हे विसरू नका.

आणि आपला उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यांत दहा वाजले की जमिनीवरून झळा उठायला लागतात. दुर्बीण पाखरू मोठं करते तशी ती झळही मोठी करते. अशा हवेत दहाचीतून दूरच्या बांधावरचा बगळा पाण्यात पडल्यासारखा लहरत राहतो. चांगली काचही तिथे काही करू शकत नाही. तेव्हा सकाळीच बघून घ्यावं.

कुठलीही घ्या, चार गोष्टी हातात धरूनच तपासा. तो उजेडाचा ठिपका पूर्ण गोल हवा. कडा कापल्यासारख्या चौकोनी दिसल्या तर आतल्या प्रिझमची काच हलक्या प्रतीची आहे. चष्मा लावत असाल तर डोळा काचेपासून पंधरा मिलिमीटर किंवा जास्त लांब ठेवून चालेल अशी बघा. वर सांगितलेल्या निकॉनमध्ये ते अंतर बारा मिलिमीटरच आहे, चष्म्याला कमी पडतं. ती पाच मीटरच्या आतलं स्पष्ट दाखवतही नाही, म्हणजे ओसरीजवळच्या जास्वंदीवरचा मध पिणारा शिंजीर गेला. घरासाठी दोन-अडीच मीटरवर जुळणारी मिळाली तर तीच घ्या. आणि उजव्या डोळ्याजवळचं कडं आधी जुळवा. उजवी काच झाकून डाव्या डोळ्याने मधलं चाक फिरवायचं, मग डावी झाकून, चाकाला हात न लावता, उजवं कडं. हे न केल्यामुळे कित्येक जण चांगल्या दुर्बिणीला धुरकट म्हणतात. पट कमी-जास्त करता येणारी झूमची मात्र घेऊ नका. कमी पटीला ती अरुंद असते आणि जास्त पटीला अंधारी. दहा हजारांच्या आतबाहेर साधी, एकाच पटीची चांगली येते. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर काचेला आतून बुरशी धरते.

आता दहाचीची बाजू. ती वाईट नाही, तिची जागा वेगळी आहे. ज्याचं घर मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीला लागून आहे, त्याने खुशाल दहाची घ्यावी. पाण्यात फांद्या नसतात, पाखरू एका जागी तरंगत असतं, शोधाशोध नाही. हिवाळ्यात तीनशे मीटरवर लालसऱ्या (एक जातीची बदकं) बसलेल्या असतात, तिथे आठऐवजी दहा पट खरोखर उपयोगी पडते. सारसांचंही तसंच. महाराष्ट्रातले उरलेसुरले सारस मुख्यतः आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडेच आहेत, आणि धानाच्या बांधीत जोडी दिसली तर लांबूनच बघायला हवं. जवळ गेलं की घरट्यावरून उठतात.

माझी दहाची आता तलावावरच जाते. सोबत छातीएवढ्या उंचीची बांबूची काठी असते. काठी जमिनीत रोवायची, तिच्या टोकावर मूठ, मुठीवर दुर्बीण. थरथर जवळपास थांबते, आणि लालसरीच्या नराची चोच लाल आहे की राखी, म्हणजे मोठी लालसरी की छोटी, हे पाळीवरूनच सांगता येतं.