रंग पाण्यावर, गिटार पाण्याखाली

मडगाव असो की म्हापसा, बँडमधल्या एखाद्याच्या हातात रंगांच्या लाटा-भोवऱ्यांची इलेक्ट्रिक गिटार दिसली की गर्दीतून एक जण तरी म्हणतो, "स्टिकर मारलाय रे!" थोडा जाणकार असेल तर "हायड्रो-डिप" म्हणतो. दोन्ही चूक. हायड्रो-डिपमध्ये नक्षी आधीच छापलेली असते. पाण्यात विरघळणारी फिल्म तरंगत सोडायची आणि हेल्मेट किंवा बाइकचं मडगार्ड त्यातून बुडवून काढायचं. शंभर मडगार्डं केली तरी नक्षी तीच. अशा 'स्वर्ल' (म्हणजे रंगांचे भोवरे) केलेल्या गिटारवर छापील काहीच नसतं. पिंपभर पाण्यावर ऑइल पेंट ओततात आणि त्यातून गिटारची बॉडी खाली दाबतात. इबानेझ या गिटार कंपनीने १९९० मध्ये अमेरिकन गिटारवादक स्टीव्ह वायची सात तारांची 'युनिव्हर्स' गिटार अशा बहुरंगी रूपात बाजारात आणली, आणि मग हौशी लोकांनीही घरच्या अंगणात पिंपं मांडली.

युक्ती मात्र जुनीच. जपानमध्ये आणि तुर्कस्तानात कागदावर हे शतकानुशतकं चालत आलं आहे. तुर्कस्तानच्या या कलेला, एब्रूला, युनेस्कोने २०१४ मध्ये आपल्या वारसा-यादीत घेतलं. फार लांब कशाला, विजापुरात सतराव्या शतकात चित्रकार पाण्यावरचे असे रंग कागदावर उचलून त्यातून आकृत्या घडवत होते. १६२५ च्या सुमाराचं मरतुकड्या घोड्याचं आणि त्याच्या स्वाराचं एक चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात आहे. पणजीत मांडवीकाठी ज्या आदिलशहाचा राजवाडा आहे त्याच घराण्याचं हे विजापूर. गोवा मात्र तोवर शंभरेक वर्षांपूर्वीच त्यांच्या हातून गेला होता.

आता खरी गंमत. रंग पाण्यावर पसरतो कशाला? हलका म्हणून तरंगतो, हे उत्तर इथे पुरत नाही. तरंगणारी वस्तू थेंब होऊनही राहू शकते. शाळेत शिकलेला पृष्ठताण आठवा. स्वच्छ पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन, म्हणजे साध्या द्रवांत बराच मोठा. पाण्यावर पडलेल्या थेंबाच्या कडेवर तीन ओढी काम करतात. पाण्याची ओढ कडेला बाहेर खेचते. थेंबाचा स्वतःचा पृष्ठताण आणि थेंब-पाणी यांच्या सीमेवरचा ताण या दोन ओढी तिला आत खेचतात. या दोघांची बेरीज ७२ पेक्षा कमी भरली की थेंब पसरतो. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन घ्या: त्याचे आकडे साधारण ३० आणि ५०, बेरीज ८०. म्हणून ते भिंगासारखं एका जागी बसून राहतं. खोबरेलाचा सीमेवरचा ताण बराच कमी असतो, म्हणून ते पसरतं.

बघायचं असेल तर रुंद ताटात पाणी घ्या, वर चिमूटभर टाल्कम पावडर भुरभुरा आणि खोबरेलात बुडवलेल्या टूथपिकचं टोक मधोमध टेकवा. पावडर क्षणात कडेला पळते. आता तोच प्रयोग त्याच ताटात, तेच पाणी ठेवून पुन्हा करा. काहीच होणार नाही. पहिल्या वेळच्या तेलाचा अदृश्य पापुद्रा पाण्यावर बसलेला असतो आणि पाण्याची ओढ त्याने आधीच कमी केलेली असते. जर्मनीतल्या अॅग्नेस पॉकेल्स या बाईंनी विद्यापीठाचं तोंड न पाहता, घरच्या स्वयंपाकघरात याच पापुद्र्याचा अभ्यास केला. पत्र्याच्या ट्रेमधल्या पाण्यावर आडवी पट्टी सरकवून त्या पृष्ठभाग झाडून काढत. इंग्लिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅलेंनी पुढाकार घेतल्यावर १८९१ मध्ये त्यांचं पत्र 'नेचर'मध्ये छापून आलं. रंग ओतण्याआधी वर्तमानपत्राची पट्टी पाण्यावरून ओढणारा गिटारवाला नेमकं हेच करत असतो. ते केलं नाही तर रंग गोळे होऊन बसतो.

रंगांचा क्रमही यातूनच ठरतो. पहिल्या रंगाला मोकळं पाणी मिळतं, तो पिंपभर पसरतो. दुसरा पडतो तो पहिल्याच्या पापुद्र्यात, म्हणून कमी पसरतो आणि पहिल्याला बाजूला रेटतो. तीन-चार रंगांनंतर पहिल्याच्या नुसत्या शिरा उरतात. म्हणजे शिरा काळ्या हव्यात तर काळा आधी! मग काडी फिरवली की पट्टे लांबतात, दुमडतात, पण मिसळत नाहीत. रंगाचा कण मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढा. दाट पेंटमध्ये तो मिनिटभरात आपसूक सरकतो, अंदाजे हिशोब मांडला तर, फक्त एखादा मायक्रॉन. तोवर वरून थिनर उडून साय धरू लागते.

पाण्यात टाकणखार (बोरॅक्स) घालतात, तो "पृष्ठताण मोडतो" असं सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही. साधे क्षार पाण्याचा पृष्ठताण सहसा किंचित वाढवतातच. टाकणखाराने पाणी अल्कधर्मी होतं, पीएच नऊच्या वर जातो. ऑइल पेंटच्या रेझिनमध्ये थोडी आम्लं शिल्लक असतात, त्यांचा सीमेवरच साबण बनतो आणि सीमेवरचा ताण उतरतो, असा माझा तर्क.

बुडवण्याआधी बॉडीला पांढरा प्रायमर देतात, खाचा टेपने बंद करतात आणि नेकच्या जागी दांडा स्क्रूने बसवतात. तिरकी धरून, संथ, एका दमात खाली. इथे आर्किमिडीज आडवा येतो: बासवुडची दोन किलोची बॉडी साडेचार लिटरच्या आसपास पाणी सारते, म्हणजे दोन-अडीच किलोचा जोर लावून ती दाबावी लागते. हात थरथरला की रेघ तुटते. बॉडी पाण्याखाली असतानाच वर उरलेला रंग कागदाने उचलून घ्यायचा, नाहीतर वर येताना तोच चिकटतो. तो कागद वाळवून कचऱ्यात टाका, पाणी विहिरीजवळ ओतू नका.

अशा रंगाने "लाकूड श्वास घेतं, टोन खुलतो" असं सांगून पैसे घेणारेही आहेत. इलेक्ट्रिक गिटारचा सूर उचलणारा पिकअप हा तारेचं गुंडाळं घातलेला चुंबक. त्याला कळते ती पोलादी तारेची थरथर; रंग काळा की निळा हे त्याला कळायचा काही मार्गच नाही.

वाट पाहायला लागते ती सुकण्यासाठी. ऑइल पेंट थिनर उडाल्यावर कोरडा वाटतो, पण खरा कडक होतो हवेतला ऑक्सिजन घेऊन, आणि त्याला आठवडे लागतात. त्याआधीच वर लॅकर मारलं तर त्यातला तिखट थिनर खालच्या कच्च्या रंगात शिरतो, रंग फुगतो, सुरकुत्या पडतात आणि सगळं घासून परत प्रायमरपासून सुरुवात. जुलैच्या दमट हवेत बुडवलेली गिटार चवथीला मिरवायची घाई करू नये.